आवडीचे ऋण

डिसेंबरचा शेवटचा आठवडा हा हिशेबाचा आठवडा असतो. सरकारी कचेरीचे वर्ष मार्चअखेर संपते हे खरे. परंतु मनाचे वर्ष डिसेंबरातच मिटते. या दिवसांत मध्यमवर्गीय सुशिक्षित घरांतून दोन गोष्टी हटकून घडतात. सरत्या वर्षात आपल्याला कोणती गाणी सर्वांत अधिक आवडली याच्या याद्या होतात, आणि पंचवीस तारखेच्या सुटीला सहकुटुंब कोठेतरी फिरावयास जाणे होते. दोन्ही गोष्टी इतक्या निरुपद्रवी की, त्यांवर कोणी निबंध लिहावा असे कोणास वाटणार नाही. तथापि या दोहोंच्या पोटी एकच नैतिक प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. आणि परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसांनी तरी तो टाळू नये. जे आपण निर्माण केलेले नाही, ज्यामागची श्रद्धाही आपली नाही, ते आपल्याला मनापासून आवडले, तर त्या आवडीबरोबर आपण कोणाचे काही देणे लागतो काय? की आवड ही ज्याची त्याची खाजगी बाब, तिचा ना कोणास जाब द्यावयाचा, ना कोणाचे काही फेडावयाचे?

प्रथम गाण्यांच्या यादीकडे वळू. 1952 सालच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि पुढल्या वर्षापासून वर्षअखेरीस सबंध वर्षाच्या लोकप्रिय गीतांची क्रमवारी लागू लागली. तबकड्यांचा खप आणि श्रोतृमंडळांची पत्रे यांवरून ती ठरे, आणि अमीन सयानी ती एकेक पायरी चढत वाचून दाखवीत. 2024 च्या फेब्रुवारीत ते निवर्तले, तेव्हा आमच्या वडील पिढीतील कित्येकांना आपल्या घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. त्या यादीचे वैशिष्ट्य असे की, ती कोणा एकाची नव्हती. बुधवारी रात्री सबंध आळी एकच यादी ऐके, तिच्याशी भांडे आणि तिच्यावर पैजा मारी. आता डिसेंबर उजाडताच ज्याच्या त्याच्या हातातील फोन ज्याची त्याची यादी ज्याला त्याला सादर करतो. अमुक गाणे इतक्या वेळा ऐकले, अमुक गायकाला इतकी मिनिटे दिली, असा तो अगदी चोख जमाखर्च असतो.

मौज अशी की, या चोख हिशेबात आवडीचे नाव असते, पण आवड क्वचितच असते. आमच्या फोनने आम्हांस जी यादी दिली तिच्या अग्रभागी लहान मुलांचे एक गाणे होते; कारण आमची मुलगी जेवताना ते रोज लावावयास सांगते. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची भैरवीतील जी ठुमरी आम्ही वर्षभरात जेमतेम तीनदा ऐकली, तिचा त्या यादीत मागमूसही नव्हता. ती तीनदाच ऐकली याचे कारण असे की, ती ऐकल्यावर दुसरे काही ऐकवत नाही, आणि कचेरीच्या दिवसांत तेवढी सवड मिळत नाही. यात यंत्राचा दोष नाही. त्याला जे मोजता येते ते त्याने मोजले. आवड मात्र आवर्तनांनी मोजावयाची वस्तू नव्हे. एखाद्या गाण्यापाशी माणूस किती निमूट होतो, त्यावरून ती कळते.

म्हणून यंदा आम्ही घरात हाताने यादी केली. चौघांनी प्रत्येकी एकच नाव द्यावयाचे असे ठरले. आमच्या मातोश्रींनी कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांचे नाव दिले. आमच्या पत्नीने कणिका बंद्योपाध्याय यांच्या रवींद्रसंगीताचे दिले. कोलकात्यात संसार मांडल्यापासून ती बंगाली शिकली ती शेजाऱ्यांकडून आणि या गीतांकडून. आम्ही खाँसाहेबांची ठुमरी सांगितली. मुलीने शाळेत शिकवलेले ‘सायलेंट नाइट’ हे नाताळचे गीत सांगितले. कागदावर चार नावे उतरली आणि एक गोष्ट ध्यानात आली. या चारांपैकी एकही आवड आम्हांला वारसाहक्काने आलेली नव्हती.

कुमारांचा जन्म 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावी, कानडी घरात. गाणे ते शिकले मुंबईत प्रा. देवधरांपाशी. क्षयाने ग्रासले असता ते माळव्यात देवासला जाऊन राहिले, आणि तेथे नाथपंथी जोग्यांच्या तोंडून ऐकलेल्या कबिराच्या पदांना त्यांनी आपल्या गळ्यात ठाव दिला. अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैरान्याचे. ते मिरजेस स्थायिक झाले, आणि तेथल्या दर्ग्यात आजही त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. पंढरीच्या वारकऱ्याला ज्यांच्या अभंगगायनाने गहिवर येतो ते भीमसेन जोशीही मूळचे कानडीच. म्हणजे ज्या गाण्याला आम्ही मराठी माणसे अभिमानाने ‘आपले’ म्हणतो, ते पुष्कळदा दुसऱ्याने येथे आणून ठेवलेले, किंवा आमचे होते ते दुसऱ्याने उजळून परत दिलेले असते. आवडीच्या बाबतीत निखळ स्वकमाईचा माणूस आम्हांस तरी अद्यापि भेटलेला नाही.

येथवर फारसे कोणी हरकत घेणार नाही. संगीताला जातधर्म नाही, असे वाक्य उच्चारून सभा संपवण्याची आपल्याकडे रीतच आहे. परंतु ते वाक्य आम्हांस फार स्वस्त वाटते. संगीताला जातधर्म नसेल. पण ते गाणाऱ्यांना असतो, आणि ज्यांच्यापुढे ते गाइले जाते त्यांनाही असतो. ‘सायलेंट नाइट’ ही एका बालकाच्या जन्माची प्रार्थना आहे, आणि तो जन्म ज्यांच्या श्रद्धेचा गाभा आहे अशी माणसे आमच्या घरापासून मैलभराच्या अंतरावर राहतात. तेव्हा खरा प्रश्न पंचवीस तारखेला घराबाहेर पडल्यावरच उभा राहतो.

आम्ही ज्याला नाताळ म्हणतो त्याला येथे ‘बडोदिन’ म्हणतात. नाताळ हा शब्द पोर्तुगिजांकडून कोकणपट्टीमार्गे मराठीत आला, आणि त्याचा अर्थच जन्म असा आहे. बंगाली शब्दात जन्माचा उल्लेख नाही. केवळ मोठा दिवस. या शहराने तो शब्दशः खरा केला आहे. त्या दिवशी निम्मे शहर घराबाहेर असते. 1876 साली सुरू झालेल्या अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात वाघसिंहांपेक्षा माणसेच पाहावी लागतात. मैदानावर संत्री सोलत बसलेली कुटुंबे, व्हिक्टोरिया मेमोरियलपुढची रांग आणि न्यू मार्केटातील नाहूमच्या दुकानापुढची त्याहून लांब रांग. हे नाहूमचे दुकान 1902 साली एका बगदादी ज्यू कुटुंबाने काढले. त्याच्या भट्टीवर राबणारे बहुतेक मुसलमान, केक ख्रिस्ती सणाचा, आणि तो घ्यावयास आलेले बव्हंशी हिंदू. संध्याकाळी पार्क स्ट्रीटवर दिव्यांच्या माळांखाली मुंगीला वाट मिळत नाही.

आमचे कुटुंबही या गर्दीत दरवर्षी असते. प्राणिसंग्रहालय, केक, आणि शेवटी सेंट पॉल कॅथीड्रल असा आमचा क्रम ठरलेला आहे. 1847 साली अर्पण झालेले हे भव्य मंदिर 1934 च्या भूकंपात आपला मनोरा गमावून बसले. आज दिसतो तो मनोरा नंतरचा. आत शिरताच उजेड मंद होतो आणि पाऊल आपोआप हलके पडते. गेल्या नाताळात तेथे एका बाजूस काही वृद्ध स्त्रिया गुडघे टेकून प्रार्थना करीत होत्या. दुसऱ्या बाजूस आमच्यासारखेच पुष्कळ लोक फोन उंचावून रंगीत काचांची छायाचित्रे घेत होते. कोठेतरी कोणी हलक्या आवाजात ते गीत गुणगुणू लागले. मुलगी आमच्या कानाशी येऊन म्हणाली, “बाबा, आपण यांच्यातले नाही. मग मी म्हटले तर चालेल का?”

प्रश्न दहा वर्षांच्या मुलीचा होता, पण त्याला दहा पिढ्यांचे वय आहे. त्याला दोन उत्तरे तयार असतात. एक उत्तर असे की, ‘चालणार नाही; त्यांचा सण त्यांना, आपला आपल्याला’. या उत्तराचा फार विचार करण्याचे कारण नाही. जो ते देतो त्याने चहा, बटाटा, मिरची, सनई आणि हार्मोनियम हे सर्व प्रथम घराबाहेर काढावे, म्हणजे पुढची चर्चा करता येईल. दुसरे उत्तर अधिक आधुनिक आहे: ‘चालेल, त्यात काय विचारावयाचे? गाणे गोड आहे, दिवे सुंदर आहेत, केक रुचकर आहे. श्रद्धा ज्यांची त्यांना लखलाभ.’ हे उत्तर वरवर फार उदार दिसते. आम्हांस मात्र त्यात एक प्रकारची कठोरता दिसते. गुडघे टेकून बसलेल्या त्या वृद्धेला ते असे सांगते की, ‘बाई, तुझ्या घरचा प्रसाद आम्हांला हवा, तुझा देव, तुझे दुःख आणि तू मात्र आमच्या कामाची नाहीस.’

हे बोल आपल्याला कसे लागतील हे पडताळून पाहावयाचे असेल तर जागा बदलावी. परप्रांतातील कोणत्याही महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात स्थानिक शेजारी येतात. त्यांनी आरतीत टाळ्या वाजवल्या, मोदकाला नावाजले की आपल्याला केवढा आनंद होतो! ते भाविक आहेत की नाहीत याची आपण चौकशी करीत नाही. परंतु त्यांतल्या कोणी मोदक तेवढे उचलले, आरती चालू असता पाठ फिरवून गप्पा मारल्या, आणि जाताना ‘तुम्हां लोकांचा तमाशा मजेदार असतो’ असे म्हटले, तर? मोदक तेवढेच खाल्ले गेले. आनंद मात्र गेला. म्हणजे आपण पाहुण्याकडून श्रद्धेची अपेक्षा करीत नाही; पण कसली तरी करतोच. ती कसली, हे ओळखणे हाच या निबंधाचा विषय आहे.

आमच्या मुलीच्या आवडत्या गीताचीच कथा येथे उपयोगी पडेल. 24 डिसेंबर 1818 च्या रात्री साल्झबर्गजवळील ओबेर्नडॉर्फ या गावी ते प्रथम गाइले गेले. शब्द योझेफ मोर या तरुण पाद्र्याचे, चाल फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तराची, आणि साथीला केवळ गिटार. गीत गावोगाव पसरले, राजदरबारी पोहोचले, आणि पसरता पसरता कर्त्यांची नावे वाटेत गळून पडली. कोणी म्हणे लोकगीत, कोणी म्हणे हायडनच्या घराण्यातील रचना. 1854 साली बर्लिनच्या राजदरबारच्या संगीतमंडळाने चौकशी केली, तेव्हा ग्रूबरने एक साधे निवेदन लिहून त्या रात्रीची हकीकत नोंदवली. मोर तोवर 1848 सालीच निर्धन अवस्थेत वारला होता. छत्तीस वर्षे एवढे मोठे जग त्या दोघांचे ऋणको होते. धनको कोण, याची विचारपूस करावी असे बहुतेकांना सुचले नाही. त्यांची आवड खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. ती अपुरी होती. घेतल्याची जाणीव तिच्यात नव्हती.

याच्या उलट एक उदाहरण त्याहून जुने आहे. हँडेलचा ‘मसाया’ हा वाद्यवृंदासह गावयाचा भक्तिप्रबंध आता जगभर नाताळात गाइला जातो. वस्तुतः त्याचा पहिला प्रयोग 13 एप्रिल 1742 रोजी, म्हणजे ईस्टरच्या सुमारास, डब्लिन शहरात झाला. त्याचे उत्पन्न दोन रुग्णालयांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या कैद्यांच्या सुटकेसाठी दिले गेले. त्या पैशांतून 142 कैदी सुटले असे सांगतात. त्या संध्याकाळी श्रोते गाणे ऐकावयास गेले होते, दानधर्म करावयास नव्हे. तरी त्यांच्या ऐकण्याचे कोठेतरी कोणाच्या पायांतील बेडीवर पर्यवसान झाले. गाणे ऐकल्याने दुसऱ्याचे कर्ज फिटावे, ही कल्पना आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. ऐकणारा तेथे ग्राहक उरला नाही.

आपल्या भाषेतही असे दाखले आहेत. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, ते मराठी ओवीत. आणि ज्या भाषेत ते लिहिले तिची थोरवी गाण्यास ते विसरले नाहीत. पुढे 1895 साली रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले. विलायती चालींवरची भाषांतरित गीते त्यांना परकी वाटली, म्हणून त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि भजन-कीर्तनात आणले. साचा वारकऱ्यांचा, दैवत निराळे. याला कोणी चोरी म्हणू शकला असता. पण टिळकांनी ते ऋण कधी लपवले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते उघड सांगत. 1919 साली ते वारले तेव्हा अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. महाराष्ट्रातील मराठी उपासनामंदिरांतून त्यांची गीते आजही गाइली जातात. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घेणे, आणि घेतलेल्यात आपली भर घालून ते पुढे देणे, या दोन गोष्टी टिळकांनी केल्या. ऋण फेडण्याच्या या दोन रीती आम्हांस पुरेशा वाटतात.

आणि आम्ही राहतो त्या प्रांतात तर याहून निकटचे उदाहरण आहे. 1910 साली रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात ख्रिस्तोत्सव सुरू केला. पंचवीस डिसेंबरच्या संध्याकाळी तेथल्या काचेच्या उपासनागृहात मेणबत्त्या लागतात, गीते होतात, आणि ख्रिस्ताचे स्मरण केले जाते. तेथे कोणी धर्म बदलत नाही, आणि कोणी तमाशाही पाहत नाही. ज्याचा जन्मदिवस त्याच्याकडे तोंड करून माणसे घटकाभर बसतात, इतकेच. जवळच पौष मेळ्याचा कल्लोळ भरात येणारे हे दिवस. पण त्या मंदिरात शिरताना माणूस तो बाहेर ठेवून येतो.

या सर्वांतून आम्हांस जे उमगले ते असे. आवडत्या वस्तूशी माणसाचे तीन प्रकारचे नाते असू शकते. तो तिचा ग्राहक असेल, पाहुणा असेल, किंवा सगा असेल. ग्राहकाने दाम मोजला की तो मोकळा. दुकानदाराच्या घरी मूल आजारी आहे की काय हे विचारण्याचे त्याला कारण नाही. सग्याला काही मोजावे लागत नाही. ते घर त्याचेच असते. पाहुणा या दोहोंच्या मधला. त्याच्याकडून कोणी पैसे घेत नाही, म्हणूनच तो मोकळा होत नाही. त्याला घराची रीत पाळावी लागते, यजमानाचे नाव ठाऊक असावे लागते, आणि यजमानावर वेळ आली असता उठून उभे राहावे लागते. दुसऱ्याच्या गाण्यात आणि दुसऱ्याच्या सणात आपण सगे होऊ शकत नाही. तसा आव आणणे हाही एक अपराध आहे. परंतु आपण केवळ ग्राहक राहू नये हे आपल्या हाती आहे.

आपल्या पूर्वजांनी माणसाला जन्मतःच तीन ऋणे सांगितली: देवांचे, पितरांचे आणि ऋषींचे. त्यांतले ऋषिऋण ज्याचे त्याला परत करून फिटत नाही. ते अध्ययनाने, म्हणजे नीट शिकून आणि पुढल्याला नीट शिकवून फिटते. आवडीचे ऋण हे याच जातीचे आहे. म्हणून मुलीच्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले ते असे: “शब्द नीट येत असतील तर म्हण. आणि त्या आजी डोळे मिटून बसल्या आहेत, त्यांना ऐकू जाईल पण त्रास होणार नाही इतक्याच आवाजात म्हण.” तिने पहिले कडवे म्हटले. दुसरे नीट येत नव्हते, म्हणून थांबली. घरी आल्यावर तिने ते पाठ केले.

आता कोणी म्हणेल की, शब्द पाठ करणे आणि हळू आवाजात गाणे एवढ्याने ऋण फिटत असेल तर ते फारच स्वस्त झाले. हरकत योग्य आहे. पाहुणचाराचे तिसरे कलम, म्हणजे यजमानावर वेळ आली असता उभे राहणे, हेच खरे महागाचे आहे. येथे आम्हांस या शहरातील अँग्लो-इंडियन समाजाची आठवण होते. पार्क स्ट्रीटला जे नाव मिळाले ते दिव्यांनी मिळवलेले नाही, तेथे वाजणाऱ्या संगीताने मिळवलेले आहे. स्वातंत्र्योत्तर दोन-तीन दशके तेथल्या उपाहारगृहांतून अँग्लो-इंडियन आणि गोमंतकीय वादक रोज रात्री वाजवीत. पॅम क्रेन यांचे गाणे आणि ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन ऐकावयास लोक दुरून येत. पुढे ते दिवस सरले. कोणी मुंबईस गेले, आणि त्या समाजातील असंख्य कुटुंबे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इंग्लंड येथे निघून गेली. पहिल्या महायुद्धातील सैनिकांसाठी बांधलेल्या बो बॅरक्समध्ये अद्यापि काही कुटुंबे आहेत, आणि नाताळात त्यांच्या अंगणात शहर लोटते.

आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत असल्याने या समाजाची एक निराळी नोंद आम्हांस ठाऊक आहे. रेल्वे, जकात आणि डाक-तार या खात्यांत त्यांना पूर्वापार ज्या जागा मिळत, त्यांना राज्यघटनेच्या कलम 336 ने दहा वर्षांपुरते, टप्प्याटप्प्याने कमी होणारे, संरक्षण दिले होते. लोकसभेत त्यांचे दोन सभासद नेमण्याची तरतूद मात्र पुढे सत्तर वर्षे चालली. 104 व्या घटनादुरुस्तीने 2020 च्या जानेवारीपासून तीही संपली. या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आम्ही इतकेच विचारतो की, जे लाखो लोक बडोदिनाला पार्क स्ट्रीटवर जातात, त्यांतल्या किती जणांना त्या दोन जागा होत्या हे तरी ठाऊक होते? 2011 पासून तेथे सरकारी विद्यमाने नाताळ महोत्सव भरतो. दिवे वाढले, ध्वनिक्षेपक वाढले. वाजवणारे उणे झाले. यजमान एकेक करून घर सोडून चालले, आणि पाहुण्यांची गर्दी मात्र दरसाल वाढते आहे.

याहून कठीण प्रसंगही येतात. 2021 च्या नाताळात अंबाल्याच्या एका चर्चमधील येशूच्या मूर्तीची मोडतोड झाली. अशी बातमी वाचताना केक खाल्लेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडची चव क्षणभर तरी जावी, अशी आमची अपेक्षा आहे. ती गेली तर त्याची आवड पाहुण्याची होती. ती गेली नाही, आणि त्याने पान उलटून क्रिकेटचा निकाल पाहिला, तर तो ग्राहक होता. आवडीची इतकी स्वच्छ कसोटी दुसरी नसेल. सामान्य माणसाने अशा वेळी मोठे काही करावे असे कोणी म्हणत नाही. ओळखीच्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी जाऊन घटकाभर बसणे, आणि चारचौघांत त्याच्याविषयी वाईट बोलले जात असता गप्प न राहणे, एवढे कारकुनालाही शक्य आहे.

शेवटी एका आक्षेपाचा विचार करावयास हवा, कारण तो आमच्या घरातूनच आला. आमच्या मातोश्री म्हणाल्या, “अरे, पोरांना दिवे बघू दे. प्रत्येक घासाला उपकाराचा हिशेब सांगितलास तर त्यांना गोडच लागणार नाही.” या बोलण्यात फार तथ्य आहे. ऋणाची जाणीव ही आनंदाच्या आधी आली तर ती ओझे होते. आनंद आधी यावा, भरभरून यावा. जाणीव त्याच्या पाठोपाठ यावी. देवळात जाणारे मूल प्रसादासाठीच जाते, आणि त्यात काही गैर नाही. मोठे झाल्यावरही केवळ प्रसादासाठीच जाणारा माणूस मात्र मोठा झालेला नसतो. लहानांना केक द्यावा, आणि थोरांनी नाव लक्षात ठेवावे, अशी वाटणी आम्हांस न्याय्य वाटते. मातोश्रींना ती पटली. निदान त्यांनी पुन्हा हरकत घेतली नाही.

असो. हाताने केलेल्या आमच्या चार नावांच्या यादीत आता आणखी एक रकाना आहे. कचेरीतल्या सवयीने आम्ही त्यावर ‘देणे’ असे लिहिले आहे. कुमारांच्या नावापुढे माळव्यातल्या त्या अनाम जोग्यांची नोंद आहे. खाँसाहेबांच्या नावापुढे एकदा मिरजेस जाण्याचे लिहिले आहे. रवींद्रसंगीतापुढे आमच्या पत्नीने तिला बंगाली शिकवणाऱ्या शेजारणीचे नाव घातले आहे. मुलीने आपल्या गीतापुढे मोर आणि ग्रूबर अशी दोन नावे लिहिली, आणि त्यांखाली, आम्ही न सांगता, ‘कॅथीड्रलमधल्या आजी’ असे लिहिले. त्या आजींचे नाव आम्हांस माहीत नाही. येत्या नाताळात त्या तेथे असल्या, तर विचारावयाचे ठरले आहे.